हान्झाकीला हात लावू नये

पहाटे पाच वाजता इकुएबाईंनी टोफूच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला, आणि टाकीतल्या टोफूने तो हात ढकलून दिला.

टोफू करण्यात इकुएबाईंची बेचाळीस वर्षं गेली होती. या बेचाळीस वर्षांत त्यांचा टोफू कधी फुटला होता, कधी बिघडला होता, एकदा तर दिवसभर घट्टच व्हायला तयार नव्हता. पण अंगावर यायची त्याची मजल कधी गेली नव्हती. त्यांनी पुन्हा हात घातला. काहीतरी गार, बुळबुळीत आणि पोटरीएवढं जाड त्यांच्या बोटांखालून सरकलं.

"अहो! सोयाबीनचं पोतं टाकीत पाडलंत का तुम्ही?"

"पोतं कशाला पाडीन मी टाकीत?" भट्टीपाशी बसलेले त्यांचे यजमान तोकुजी म्हणाले.

"मग हे हलतंय काय?"

तोकुजी बॅटरी घेऊन आले. उजेडात आधी एक डोकं दिसलं, तव्यासारखं चपटं. त्यावर मोहरीएवढे दोन डोळे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेलं तोंड. मागे हातभर शेपूट धरून साडेतीन फुटांचं, चिखलाच्या रंगाचं, चामखिळींनी भरलेलं अंग. रात्रभर लोळून त्याने साठ लाद्यांची खीर करून टाकली होती. उरलेली एकुलती एक अर्धी लादी त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसली होती.

"हान्झाकी," तोकुजी देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाले.

ओसे नदीच्या खोऱ्यात हान्झाकी कुणाला नवा नाही. बेडकाच्या भाऊबंदातला, सरड्याच्या बांध्याचा आणि कुत्र्याएवढा हा प्राणी नदीकाठच्या बिळात वर्षानुवर्षं पडून असतो. त्याचे मधोमध दोन तुकडे केले तरी तो जगतो, असं जुनी माणसं सांगत. चिडला की अंगातून पांढरा चीक सोडतो, आणि त्या चिकाला तिरफळासारखा झणझणीत वास येतो. आता सगळ्या दुकानात तोच वास भरला होता.

"तुम्ही शेपूट धरा, मी डोकं धरते," इकुएबाई बाह्या सावरत म्हणाल्या. "नदी वीस पावलांवर आहे."

"हात लावू नकोस!" तोकुजी ओरडले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ते तिसऱ्यांदा ओरडत होते. "देशाचा खास नैसर्गिक ठेवा आहे तो. हात लावला तर गुन्हा होतो. पलीकडच्या खोऱ्यातल्या त्या सुताराने फोटो काढायला म्हणून बादलीत घेतला होता, तर पोलीस आले होते त्याच्या दारात."

"आणि त्यानं माझ्या टोफूला हात लावला, त्याचं काय?"

"टोफू देशाचा ठेवा नाही."

इकुएबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओबोन नऊ दिवसांवर आला होता. पितर घरी येणार, घरोघर बिनमाशांचा स्वयंपाक होणार, आणि सगळ्या खोऱ्याचा टोफू याच एका टाकीतून जाणार. वहीत तीनशे लाद्यांची मागणी लिहिलेली होती. आणि ज्या टाकीत त्या तीनशे लाद्या ठेवायच्या, तिथे देशाचा ठेवा हातपाय पसरून झोपला होता.

साडेआठला कुसामा गावाचं नगर कार्यालय उघडलं, तेव्हा आठ एकोणतीसपासून तिथला फोन वाजत होता. हान्झाकीचं काम शिक्षण मंडळाच्या ठेवा विभागाकडे होतं. या विभागाकडे देवळातली एक जुनी घंटा, पेरणीच्या वेळचा एक नाच आणि नदीतले झाडून सगळे हान्झाकी एवढा कारभार होता, आणि तो सांभाळायला शिओमी नावाचे एकटे गृहस्थ होते. पन्नाशीचे, सज्जन, आणि आपल्या हातून नियम मोडेल या भीतीने खुर्चीतसुद्धा जपून बसणारे.

"किती लांबीचा आहे?" त्यांनी विचारलं.

"मोजायचा तर हात लावावा लागेल."

"नको नको नको! हात लावू नका! त्याला काही त्रास होतोय का?"

"त्याला? तो झोपलाय. त्रास मला होतोय!"

"ते लिहायला या फॉर्मवर जागा नाही, इकुएसान," शिओमी खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाले.

दहा वाजता ते पिवळी दोरी, कागद आणि घाम घेऊन हजर झाले. टाकीभोवती दोरी बांधली, भिंतीवर एक कागद चिकटवला आणि सांगितलं, की प्राण्याला हलवायचं तर 'सद्यस्थितीत बदल करण्याचा परवाना' लागतो. अर्ज नगरातून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून तोक्योला जातो आणि त्याच वाटेने परत येतो.

"किती दिवस?"

"घाई केली तर दोन महिने."

"आणि तोवर?"

"तोवर पाणी बंद करायचं नाही. ऊन पडू द्यायचं नाही. आणि, राग मानू नका, पण मोठ्यानं बोलायचं नाही."

शिओमी प्रामाणिक होते, हीच खरी पंचाईत होती. खाद्यपदार्थाच्या टाकीत प्राणी आढळला, हे आरोग्य विभागाला कळवणं त्यांना कर्तव्य वाटलं. दुपारी त्या विभागाच्या एक बाई आल्या. त्यांनी पांढरे हातमोजे घालून टाकीकडे लांबूनच पाहिलं आणि भिंतीवर आणखी एक कागद चिकटवला. आता टाकीच्या उजव्या अंगाला लिहिलं होतं, 'या प्राण्याला हात लावू नये, हलवू नये.' डाव्या अंगाला लिहिलं होतं, 'हा प्राणी येथे असेपर्यंत अन्नपदार्थ तयार करू नयेत.'

इकुएबाई दोन्ही कागदांच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"शिओमीसान, हा कागद म्हणतो, तो असताना मी काम करायचं नाही. हा कागद म्हणतो, त्याला हलवायचं नाही. मग हलायचं कोणी?"

शिओमींनी डावा कागद वाचला, उजवा वाचला, पुन्हा डावा वाचला.

"नियमानं बघायला गेलं तर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही."

त्या दिवशी शिओमी दारातून बाहेर पडले की बाहेर काढले गेले, याबद्दल शेजारीपाजारी अजून दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून काजितानी नावाच्या संशोधक बाई आल्या. त्यांच्याकडे हान्झाकीला हात लावायचा कायमचा परवाना होता. गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पिशवी, आणि टाकीत वाकल्यावर लहान मुलासारखं हसू. त्यांनी हान्झाकीला मोजपट्टीवर घेतलं, उलटा केला, सुलटा केला आणि परत पाण्यात सोडला.

"एकशे चार सेंटिमीटर. नर आहे. काय देखणा आहे हो!"

इकुएबाईंनी त्या चपट्या थोबाडाकडे पाहिलं आणि काजितानीबाईंच्या चष्म्याकडे पाहिलं.

"माझ्याच टाकीत का आला पण हा? नदी काय आटली?"

"विणीचे दिवस आले ना. आता हे वरच्या अंगाला सरकतात. नर एखादं बीळ पकडून बसतो, जिथून गार झऱ्याचं पाणी येतं असं." त्यांनी टाकीत पाणी सोडणाऱ्या जुन्या दगडी मोरीकडे बोट दाखवलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी घराखालून त्या मोरीतून येई, आणि टाकीतून वाहून गटाराने नदीला मिळे. "त्याच्या दृष्टीनं सबंध खोऱ्यात यापेक्षा चांगली जागा नाही."

"पण इतकी वर्षं कधी नाही आला!"

"पूर्वी त्याला नदीतून वर जाता येत होतं. मग वाट बंद झाली, आणि शोधता शोधता यंदा तुमचं गटार सापडलं," काजितानीबाई म्हणाल्या. "संध्याकाळी बंधाऱ्यापाशी या. मी सांगण्यापेक्षा बघाच."

बंधारा दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता. चार वर्षांपूर्वी पूर आल्यानंतर नगराने तो बांधला होता. छातीइतका उंच, सरळसोट आणि गुळगुळीत. दोन्ही काठही सिमेंटचे. इकुएबाई रोज त्यावरून डिलिव्हरीला जात, पण खाली डोकावून पाहायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं.

ऊन उतरलं तसे बंधाऱ्याच्या पायथ्याशी काळे दगड दिसू लागले. मग त्यातला एक दगड हलला. पाण्यातून चपटं डोकं वर आलं, आखूड हात सिमेंटला चिकटले. इंचाइंचाने तो हान्झाकी वर चढला, अर्ध्यापर्यंत आला, थरथरला आणि धपकन खाली पडला. थोड्या वेळाने पुन्हा चढला. पुन्हा पडला. शेजारी दुसरा चढत होता. त्याचं नाक खरचटून पांढरं पडलं होतं, आणि पुढच्या बोटांची कातडी सोलून निघाली होती.

इकुएबाई काठावर बसून राहिल्या. त्या खरचटलेल्या नाकाचा हान्झाकी चौदा वेळा पडला. पंधराव्यांदा तो चढायला लागला तेव्हा त्या उठल्या.

"कोणी बांधलं हे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता. तोकुजी असते तर दोन पावलं मागे सरले असते.

बंधारा उसामी नावाच्या अभियंत्याने बांधला होता. तो नगर कार्यालयातच दुसऱ्या मजल्यावर बसे. दुसऱ्या दिवशी सकाळी इकुएबाई त्याच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"बंधाऱ्याला मत्स्यमार्ग आहे की," उसामी म्हणाला. "पलीकडच्या काठाला. नकाशात बघा, निळ्या रंगात दाखवलाय."

"मासे उडी मारतात. हान्झाकी उडी मारतो का?"

"त्याबद्दल नकाशात काही नाही."

"शिवाय तो तुमचा मार्ग मे महिन्यापासून कोरडा पडलाय!"

"पाणी नाही आलं तर त्याला मी काय करू, काकू?"

"मग उतार बांधा! साधा दगडांचा उतार. माझ्या दुकानाच्या गटारासारखा. त्या मुक्या जिवाला कळलं कुठून जायचं ते, तुम्हाला नाही कळत?"

उसामीने सुस्कारा टाकला. त्याचं म्हणणं असं, की नदीपात्रात काम करायचं तर हान्झाकीला त्रास होऊ शकतो. म्हणून ठेवा विभागाची परवानगी हवी. ठेवा विभागात शिओमी म्हणाले, की परवानगी आनंदाने देऊ, पण त्यासाठी बांधकाम विभागाची मागणी हवी. उसामी म्हणाला, की परवानगी असल्याशिवाय मागणी करता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या आणि पहिल्यावरून दुसऱ्या अशा चार फेऱ्या मारून इकुएबाईंच्या गुडघ्यांनीच शेवटी तक्रार केली.

"म्हणजे त्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांचा त्रास तसाच ठेवायचा!" त्या जिन्यात उभं राहून ओरडल्या. "धन्य आहे तुमची!"

जिन्याखालच्या बाकावर त्या दम खात बसल्या, तेव्हा समोरच्या दारावरची पाटी त्यांना दिसली. आत पूर-भूकंपाच्या वेळी लोकांना जेवण करून घालण्यासाठी बांधलेलं मोठं स्वयंपाकघर होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'नैसर्गिक कारणामुळे घर अथवा कामाची जागा सोडावी लागलेल्या नागरिकांना हे स्वयंपाकघर वापरता येईल.' इकुएबाईंनी पाटी दोनदा वाचली. मग त्या पुन्हा शिओमींच्या टेबलापाशी गेल्या.

"एक विचारायचं होतं. नैसर्गिक ठेवा हे नैसर्गिक कारण आहे का हो?"

शिओमींना खोटं बोलता येत नसे.

"आहेच की," ते म्हणाले. "नावातच आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला इकुएबाईंचा छोटा ट्रक नगर कार्यालयाच्या पायऱ्यांशी लागला. कढई, दळणयंत्र, गाळायची फडकी, साचे, भिजवलेल्या सोयाबीनच्या सहा बादल्या आणि तोकुजी असं सगळं सामान उतरलं. आरोग्य विभागाच्या बाई धावत आल्या. पण ते स्वयंपाकघर त्यांनीच गेल्या महिन्यात तपासून 'उत्तम' असा शेरा दिला होता. स्वतःच्या शेऱ्यापुढे त्यांचा इलाज चालेना.

साडेआठला कर्मचारी आले तेव्हा इमारतीत धुकं होतं. सोयाबीनच्या वाफेने खिडक्यांना घाम फुटला होता, जन्ममृत्यू नोंदणीचे कागद सादळलेल्या पापडासारखे मऊ पडले होते. पहिल्या मजल्यावर दळणयंत्राने टेबलं थरथरत होती. ओबोनचं गिऱ्हाईक रांगेत उभं राहिलं, आणि शहाणी माणसं असल्यामुळे त्यांनी दारातल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली.

"नंबर सत्तेचाळीस," पत्त्याच्या दाखल्याच्या खिडकीतली मुलगी ओरडली.

"दोन घट्ट, एक मऊ, आणि तळलेला असेल तर चार," हात्सुआजी खिडकीत पिशवी सरकवत म्हणाल्या.

"आजी, ही पत्त्याची खिडकी आहे."

"पत्ता तोच आहे गं. टोफूचा बदललाय."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी गत झाली. ओबोन झाला, पितर परत गेले, इकुएबाई गेल्या नाहीत. चोथ्याच्या टोपल्या मागच्या दारात साचू लागल्या. नगराध्यक्षांकडे पाहुणे आले तर आधी नाक वर करून वास घेत आणि मग नमस्कार करत. नगराध्यक्षांनी शिओमींना बोलावून विचारलं, की या बाई जातील कधी? शिओमी म्हणाले, हान्झाकी जाईल तेव्हा. हान्झाकी कधी जाईल? परवाना येईल तेव्हा. त्या दिवसापासून नगराध्यक्ष रोज सकाळी जिल्ह्याला आणि दुपारी तोक्योला स्वतः फोन करू लागले. दोन महिन्यांचं काम साडेतीन आठवड्यांत झालं.

इकडे इकुएबाईंचा एक नवा नेम सुरू झाला होता. पहाटे ट्रक भरायच्या आधी त्या टाकीपाशी जात. मोरीच्या तोंडात चपटं डोकं दिसलं की त्यांचा पट्टा सुरू होई. "झाली का झोप? माझ्या घरात तू लोळतोयस आणि मी सरकारी भांडी घासतेय. लाज नाही वाटत? आणि हे काय, पान अडकलंय नाकाशी. थांब, हलू नकोस." मग लांब काडीने, त्याला स्पर्श होऊ न देता, त्या पान काढत. तोकुजी हे भट्टीआडून पाहत आणि काही बोलत नसत. बोलून फायदा नाही, हे त्यांना चव्वेचाळीस वर्षांत कळलं होतं.

सप्टेंबर लागला, आणि एका सकाळी शिओमी परवाना घेऊन दुकानात आले. त्यावर सात लाल शिक्के होते. सोबत काजितानीबाई जाळं आणि मोठी पेटी घेऊन आल्या होत्या.

"घ्या!" शिओमींचा चेहरा उजळला होता. "आज त्याला उचलू, बंधाऱ्याच्या वर सोडू. उद्यापासून तुमची टाकी तुमची."

काजितानीबाई टाकीत उतरल्या. त्यांनी मोरीत बॅटरी मारली, आणि बराच वेळ त्यांचं डोकं मोरीतून बाहेर आलं नाही. आलं तेव्हा त्या कुजबुजल्या, "कुणीतरी मादी येऊन गेलीय."

इकुएबाईंनी चप्पल फेकली आणि तशाच पाण्यात उतरल्या. मोरीच्या आत, जिथे गार पाणी झुळझुळत होतं, तिथे काचेच्या मण्यांच्या माळा एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. चारपाचशे तरी मणी असतील. प्रत्येकात एक पिवळा ठिपका. आणि त्यांच्यासमोर तो आडवा पडून शेपटीने हळूहळू पाणी हलवत होता.

"वारा घालतोय का तो त्यांना?" इकुएबाईंनी विचारलं.

"ताजं पाणी देतोय. पिल्लं बाहेर पडून फिरायला लागेपर्यंत तो असाच राखण करतो. हिवाळा सरेपर्यंत."

"आणि त्याला उचललं तर?"

काजितानीबाईंनी नुसती बॅटरी विझवली. शिओमींनी मात्र घाईघाईने कागद उलगडला.

"त्याची सोय आहे, इकुएसान! परवान्यात मी लिहिलंय, 'सदर प्राणी व संबंधित वस्तू.' अंडी म्हणजे संबंधित वस्तूच. सगळं उचलता येईल."

"वस्तू?"

इकुएबाई पाण्यातून निथळत बाहेर आल्या.

"पाचशे पोरं आहेत ती त्याची! खाणं सोडून राखण करत बसलाय तो, आणि तुम्ही त्यांना वस्तू म्हणता? लाज वाटायला पाहिजे! दाखवा तो कागद. हे खाली कोपऱ्यात मोकळं काय आहे?"

"तो... जागेच्या मालकाच्या शिक्क्याचा चौकोन आहे. तेवढा तुम्ही मारला की झालं."

"नाही मारत."

"पण इकुएसान, तुम्हीच तर महिनाभर..."

"महिनाभर मी काय बोलले ते मला माहीत आहे! आज काय बोलतेय ते ऐका. घर माझं, मोरी आमच्या आजेसासऱ्यांनी बांधलेली. यातला एक मणी इकडचा तिकडे होणार नाही. आणि बंधाऱ्याला उतार बांधल्याशिवाय मी तुमच्या कार्यालयातून हलणार नाही."

ही बातमी ऐकून नगराध्यक्षांनी म्हणे डोळे मिटून घेतले. उसामीने मात्र बाणेदारपणे सांगितलं, की तांत्रिक बाबी बायकांच्या रागावर ठरत नसतात. त्याच संध्याकाळी कार्यालय सुटताना इकुएबाई त्याच्या गाडीच्या दारात उभ्या राहिल्या.

"चला. अर्ध्या तासाचं काम आहे."

"माझं जेवण..."

"माझं दुकान बंद पडलंय, उसामीसान. तुमचं जेवण थांबेल."

उसामीने आपला बंधारा पूर्ण झाल्यावर पुष्कळदा पाहिला होता, पण नेहमी दिवसा, कार्यालयाच्या वेळेत. आता विणीचे दिवस सरत आले होते. खाली एकच हान्झाकी उरला होता, खरचटलेल्या नाकाचा. तो चढला. पडला. उसामी उभा होता. तो पुन्हा चढला, पुन्हा पडला. उसामी उकिडवा बसला. इकुएबाई त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलल्या नाहीत, आणि खोऱ्यातल्या लोकांच्या मते हीच त्या दिवसातली सगळ्यात अजब गोष्ट होती.

"हा रोज असं करतो?" उसामीने शेवटी विचारलं.

"चार वर्षं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही बांधलात, तुम्हीच विचारायचं होतं."

उसामीने खिसे चाचपले. कागद नव्हता. इकुएबाईंनी पिशवीतून टोफू गुंडाळायचा कागद काढून दिला. त्यावर त्याने गुडघ्यावरच रेघा मारायला सुरुवात केली: उतार इतका, दगड एवढे, मध्ये विसाव्याला दोन खळगे. काठाचं सिमेंट फोडून आत दगडी बिळं करता येतील, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी तो कागद शिओमींच्या टेबलावर आला. त्याला परवानगी आधी हवी होती की मागणी आधी, हा प्रश्न तसाच होता. शिओमींनी कपाळाचा घाम पुसला, दाराकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्यांना न विचारता शिक्का मारला. मारल्यावर ते इतके घाबरले, की इकुएबाईंना त्यांना वाटीभर गरम सोयादूध पाजावं लागलं.

हिवाळ्यात नदीचं पाणी उतरलं आणि काम सुरू झालं. गावातली पंधरावीस माणसं दगड वाहायला आली. तोकुजींनी प्रत्येक दगड पायाने हलवून पाहिला. फेब्रुवारीत बोटाएवढी काळी पिल्लं मोरीतून टाकीत, टाकीतून गटारात आणि गटारातून नदीत गेली. ती सगळी जाईपर्यंत इकुएबाईंनी गटारावर मांजर फिरकू दिलं नाही. बाप सगळ्यात शेवटी गेला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "बघा, आभार मानायची रीत नाही," असं म्हणत त्या टाकी घासायला लागल्या आणि दुपारपर्यंत घासतच राहिल्या. मार्चमध्ये नगर कार्यालयाच्या खिडक्या कोरड्या झाल्या.

ऑगस्ट आला. एका संध्याकाळी इकुएबाई, तोकुजी, शिओमी, उसामी आणि काजितानीबाई नव्या उतारापाशी काठावर बसून होते. ऊन गेलं. पाणी काळं झालं. बराच वेळ काही झालं नाही, आणि उसामी नखं खात राहिला. मग पायथ्याशी एक डोकं वर आलं. त्याने पहिल्या दगडाला नाक लावलं, थांबला, आणि चढू लागला. पहिल्या खळग्यात तो इतका वेळ विसावला, की शिओमींनी श्वास धरून धरून शेवटी खोकून टाकलं.

"श्शू!" चौघेही एकदम म्हणाले.

"चल रे बाबा, चल," उसामी कुजबुजला. "थोडंच राहिलंय."

हान्झाकी उठला, दुसरा खळगा ओलांडून वर आला आणि बंधाऱ्यावरून पलीकडच्या पाण्यात आवाज न करता सरकला. उसामीने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला.

"रडताय काय?" इकुएबाई म्हणाल्या. "पाच वर्षं उशीर झालाय." पण त्यांनी त्याच्या हातात आपला रुमाल दिला. मग त्या नदीच्या खालच्या अंगाला पाहत बसल्या, जिथे पाणी वळून झाडीत जात होतं. "उसामीसान, हा इथपर्यंत आला तरी कुठून? याच्या खाली असे बंधारे अजून किती आहेत?"

उसामी रुमालाआडून बोटांवर मोजू लागला. बोटं संपली. त्याने एक बोट पुन्हा वापरलं.

"अकरा."

शिओमींनी हळूच आपल्या बॅगेचं बक्कल लावलं.

"मी आता अडुसष्ट," इकुएबाई म्हणाल्या. "वर्षाला एक धरला, तर किती होतात हो?"

"एकोणऐंशी," तोकुजी म्हणाले. हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता.

"बरं झालं. म्हणजे ऐंशीला तरी आराम करता येईल," त्या गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाल्या. "उसामीसान, तो खालचा बंधारा कुणाच्या हद्दीत येतो? आणि त्यांचं कार्यालय सकाळी किती वाजता उघडतं?"